मुलांच्या हातातला मोबाइल आणि घरातला अबोला

२०२५ च्या ३ ऑक्टोबरची गोष्ट. मुंबईत राज्य पोलिस मुख्यालयात सायबर जनजागृती महिन्याचे उद्घाटन होते. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. अभिनेते अक्षय कुमार यांनी तिथे आपल्या घरातला एक प्रसंग सांगितला. त्यांची तेरा वर्षांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती. अशा खेळात अनोळखी माणसाबरोबर जोडी जमते. समोरच्याने आधी गोड बोलून तिच्या खेळाचे कौतुक केले. मग कुठली आहेस, मुलगा की मुलगी, असे विचारले. मुलगी आहे असे कळल्यावर थोड्या वेळाने त्याने तिच्याकडे नग्न फोटो मागितले. मुलीने सगळे बंद केले आणि सरळ जाऊन आईला सांगितले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत या प्रसंगाची बातमी झाली. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक सायबर तास असावा, ही अक्षय कुमार यांची मागणीही छापून आली. मागणी योग्यच आहे. पण बातमीतली खरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली असे आम्हाला वाटते. त्या मुलीला वाचवले ते महागड्या फोनने नाही आणि पोलिसांनीही नाही. पोलिसांचा संबंध यायच्या आतच ती वाचली होती. आपण आईला सांगितले तर आई आपल्यालाच ओरडणार नाही, एवढा भरवसा तिला होता. असा भरवसा दुकानात विकत मिळत नाही. तो श्रीमंताच्या घरी असतो आणि गरिबाच्या घरी नसतो, असेही नाही.

आम्ही पनवेल परिसरातल्या एका वस्तीत रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेतो. त्रिशरण-पंचशील, थोडे गणित, थोडे इंग्रजी, बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग, असा तो साधा वर्ग आहे. ही बातमी आल्यानंतरच्या रविवारी आम्ही मुलांना विचारले, तुमच्या बाबतीत असे झाले तर कुणाला सांगाल? मैत्रिणीला, मित्राला, मोठ्या ताईला, अशी उत्तरे आली. "कुणालाच नाही" असेही आले. आईला सांगू म्हणणारे हात फार थोडे होते. वडिलांना सांगू, असे एकही मूल म्हणाले नाही. आमच्यापैकी दोघे-तिघे स्वतः बाप आहेत. घरी जाताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

हे असे का, याचा शोध घ्यायचा तर आधी पनवेलचा दिवस पाहावा लागेल. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यातली ती पहिली महानगरपालिका. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल आणि आजूबाजूची गावे एका छत्राखाली आली. आपला समाज इथे वेगवेगळ्या वाटांनी आला. कुणी मुंबईची चाळ विकून सिडकोच्या घरात आले. कुणी महाड, पोलादपूर, माणगाव, रत्नागिरीकडून आले. कुणी मराठवाड्यातून तळोजा एमआयडीसीत रोजगाराला आले. कळंबोलीच्या पोलाद बाजारात हमाली करणारे आहेत, तसेच मंत्रालयात नोकरी करणारेही. आता विमानतळाची भर पडली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. साफसफाई, लोडिंग, सिक्युरिटी अशा रात्रपाळीच्या कामांना आपली पोरे लागत आहेत.

पनवेलहून सीएसएमटीला हार्बर लोकलने साधारण ८० मिनिटे लागतात. जाऊन-येऊन पावणेतीन तास गाडीतच जातात. रिक्षा, रांगा आणि चालणे धरले तर चार तास. सकाळी साडेसहाला निघालेला बाप रात्री साडेआठ-नऊला घरी येतो. आई खारघर-कामोठ्याच्या टॉवरमध्ये चार घरची कामे करत असेल किंवा दुकानात उभी असेल, तर तीही संध्याकाळपर्यंत घरी नसते. एमआयडीसीत तीन पाळ्या चालतात, त्यामुळे काही घरांत आई-बाप दोघे एकत्र जेवायला फक्त सुट्टीच्या दिवशी बसतात. शाळा दुपारी सुटते. तिथून रात्रीपर्यंत मूल आणि मोबाइल. चाळीत शेजारची मावशी डोकावत तरी असे. इथे सोसायटीत दार लावले की विषय संपला.

यात आई-बापांचा दोष काढायचा नाही. हप्ते आहेत, फी आहे, कुणी हौसेने चार तास गाडीत लटकत नाही. "आई-बापांचे लक्षच नाही" असे भाषण आपल्या कार्यक्रमांत फार होते आणि ते ऐकणारी बाई आधीच दोन घरची कामे टाकून आलेली असते. शिवाय आई घरात असली म्हणजे सगळे सुखरूप असते, असेही नाही. २०२४ च्या जुलैत पिंपरी-चिंचवडमध्ये एका शाळकरी मुलाने जीव दिला. नंतर त्याच्या वह्यांत गेमचे नकाशे सापडले. त्या रात्री आई घरातच होती. भिंतीपलीकडे मूल कुणाशी बोलते आहे, हे कळायला घरात असण्यापेक्षा आणखी काहीतरी लागते.

ते काहीतरी काय, हे कळण्यासाठी ही फसवणूक कशी चालते ते नीट समजून घेतले पाहिजे. तरुण कार्यकर्त्यांनी तर घेतलेच पाहिजे. सुरुवात कधीच घाणेरडी नसते. गेममध्ये कुणीतरी तुम्हाला वाचवतो आणि छान खेळलास म्हणतो. दोन-चार दिवसांनी फ्री फायरचे डायमंड किंवा बीजीएमआयचे यूसी भेट देतो. ज्या मुलाला घरातून शंभर रुपये मागायची सोय नाही, त्याला ही भेट केवढी मोठी! मग तो म्हणतो, इथे नको, इन्स्टावर ये किंवा टेलिग्रामवर ये. तिथे तो रोज विचारतो, जेवलीस का, आज शाळेत काय झाले, घरचे ओरडले का. तो हे सगळे रात्री अकरा वाजता विचारतो, सगळे झोपलेले असताना. ज्या घरात हे प्रश्न दिवसभरात कुणी विचारलेले नसतात, तिथे ते विचारणारा माणूस आपला वाटू लागतो. मग एक साधा फोटो, मग थोडा वेगळा. एकदा तसा फोटो हाती लागला की भाषा बदलते. अजून पाठव, पैसे पाठव, नाहीतर तुझ्या पप्पांना पाठवतो. आणि तो नातेवाइकांच्या प्रोफाइलची यादीच दाखवतो.

या शेवटच्या वाक्यात सगळे आहे. ब्लॅकमेल करणाऱ्याचे भांडवल फोटो हे नाहीच. घरच्यांची भीती हे त्याचे भांडवल आहे. ज्या मुलीला "पप्पांना पाठव, मीच त्यांना सांगितले आहे" असे म्हणता येते, तिच्यापुढे त्याचे काही चालत नाही. जिला पप्पांच्या पट्ट्याची भीती आहे, तिच्याकडून तो महिनोन्महिने वसूल करतो. म्हणजे घरातला मार हा त्या अनोळखी माणसाच्या हातातले हत्यार होतो.

मार नसेल तरी मोबाइल जप्त होतो. आपल्या घरांत हा सगळ्यात सोपा उपाय समजला जातो. मुलाने काही सांगितले की पहिले वाक्य "आण तो फोन इकडे." मूल त्यातून एकच धडा घेते, पुढच्या वेळी सांगायचे नाही. मुलींच्या बाबतीत शिक्षा फोनपाशी थांबत नाही. क्लास बंद होतो, मैत्रिणीकडे जाणे बंद होते, दहावीनंतर कॉलेज लांब नको म्हटले जाते आणि पुढच्या वर्षी स्थळे बघायला सुरुवात होते. अपराध कुणाचा आणि शिक्षा कुणाला! १९४२ च्या जुलैत नागपूरला महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका असे सांगितले होते. त्या परिषदेचा फोटो आपण दरवर्षी शेअर करतो. आणि एका स्क्रीनशॉटवरून मुलीचे शिक्षण थांबवायला निघतो.

घरात एकच फोन असला तर वेगळीच तऱ्हा. ही सवय लागली २०२० मध्ये. शाळा बंद होत्या, शिक्षण मोबाइलवर आले. ज्यांना परवडत नव्हते त्यांनीही कर्ज काढून फोन घेतला. शाळा उघडल्या, पण गृहपाठाचे व्हॉट्सॲप ग्रुप तसेच राहिले. फोन आईचा, त्यावर बँक, त्यावरच यूपीआय, त्यावरच मुलाचा गेम आणि मोठ्या भावाचे बघणेही त्यावरच. मोठ्याने रात्री काय पाहिले, त्याच्या शिफारशी सकाळी दुसरीतल्या बहिणीसमोर येतात. हा धोका आपण धोक्यात धरतच नाही.

ग्रामीण भागात घेतलेल्या 'असर' सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांबद्दल काही आकडे आहेत. स्मार्टफोन वापरता येतो असे ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितले. त्याआधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला असे ५७ टक्के म्हणाले, समाजमाध्यमांसाठी वापरला असे ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे हे साधारण ६२ टक्के मुलांना माहीत होते, प्रोफाइल खासगी कसे ठेवायचे हे ५५ टक्क्यांना. म्हणजे जवळजवळ निम्मी मुले दाराला कडी लावता येत नसताना त्या घरात राहत आहेत. पनवेलसारख्या शहरात आकडे थोडे वेगळे असतील, पण प्रोफाइल खासगी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते आपल्या प्रत्येक तरुणाला येते. येत्या रविवारी विहारात बसून वीस मुलांचे करून देता येईल. यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार देशात मुलांविरुद्धचे सायबर गुन्हे २०२१ मध्ये १,३७६ नोंदले गेले, २०२२ मध्ये १,८२३. सुमारे एकशे चाळीस कोटींच्या देशात अठराशे! हा आकडा गुन्ह्यांचा म्हणण्यापेक्षा पोलिस ठाण्यापर्यंत पोचलेल्या आई-बापांचा आहे. बाकीची प्रकरणे घरातच मिटतात, घरातच दबतात.

दबण्याचे आणखी एक कारण आहे, ते बोलायला अवघड आहे. आपण सगळे "अनोळखी माणसाशी बोलू नको" एवढेच शिकवतो. पण त्याच विभागाचे आकडे सांगतात की पोक्सोखाली नोंदलेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत ९६ टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. शेजारी, नातेवाईक, मित्र, क्लासचे सर. यांना मुलाचा नंबर शोधावा लागत नाही, तो फॅमिली ग्रुपमध्येच असतो. "मामाने असा मेसेज का पाठवला" हे विचारायला मुलाला अनोळखी माणसाच्या वेळेपेक्षा दुप्पट धीर लागतो, कारण घरात मामाची बाजू आधी घेतली जाते. चळवळीतला कार्यकर्ता असेल तर आणखी कठीण. तो भाषण छान करतो, वर्गणी देतो, मोर्चात पुढे असतो. अशा वेळी "समाजाची बदनामी नको, आपसात मिटवू" हे वाक्य येते. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेचा प्रमुख असेल तर आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिल्यास एक वर्षापर्यंत. विहार समितीचे अध्यक्ष, मंडळाचे पदाधिकारी, क्लास चालवणारे, सगळ्यांनी हे लक्षात ठेवावे. मिटवणारा माणूस स्वतःच गुन्हेगार ठरतो.

आणि आरोपी आपल्याच घरातला मुलगा असेल तर? हाही प्रश्न आपण टाळतो. मे २०२० मध्ये दिल्लीत शाळकरी मुलांचा 'बॉइज लॉकर रूम' नावाचा इन्स्टाग्राम ग्रुप उघडकीस आला, त्यात ओळखीच्या मुलींचे फोटो टाकून घाण बोलणे चालायचे. असे ग्रुप दिल्लीच्या बड्या शाळांतच असतात, असे कुणी समजू नये. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मुलांवरील लैंगिक शोषणाची चित्रे नुसती पाहणे आणि जवळ बाळगणे हाही पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतो. त्याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दही वापरू नका, कारण त्यात शोषण झाकले जाते, असेही न्यायालयाने सांगितले. ग्रुपवर आलेला व्हिडिओ "बघ ना" म्हणून पुढे ढकलणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला हे माहीत नसते. त्याच्या बापालाही नसते. मुलीच्या फोनवर नजर ठेवणारे घर मुलाच्या फोनबद्दल "पोरगा मोठा झाला" एवढेच म्हणते.

आपल्या मुलांना आणखी एक गोष्ट सोसावी लागते, ती इतरांच्या घरात नसते. चौदा एप्रिलला मुलगी हौसेने निळा फेटा घालून फोटो टाकते आणि खाली जातीवरून शिव्या येतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला त्या शिव्यांचा अर्थ आधी विचारावा लागतो आणि तो घरीच विचारता आला पाहिजे. मोबाइलवरून जात कुठवर जाते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुणाचा खून झाला. त्या आठवणीने बरेच आई-बाप मुलांना सांगतात, असले काही टाकू नकोस, डीपी काढ. भीती समजण्यासारखी आहे. पण मुलाला त्यातून कळते ते एवढेच की आपली ओळख हीच अडचणीची गोष्ट आहे. ऑनलाइन जातिवाचक शिवीगाळ अॅट्रॉसिटी कायद्यात बसते, समोरासमोर असण्याची गरज नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटले आहे. स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसू द्या, प्रोफाइलची लिंक जपून ठेवा. मुलाला एकट्याने उत्तर द्यायला लावू नका आणि दोनशे कार्यकर्त्यांनी जाऊन त्या पोस्टखाली युद्धही करू नका. त्यात मुलाचाच फोटो आणखी फिरतो.

फोटोवरून आठवले. २० मार्चला महाडला जाताना मुंबईच्या गाड्या पनवेलवरून पुढे जातात. वाटेत चहाला थांबल्यावर आम्हीही लहान मुलांचे फोटो काढतो, लगेच फेसबुकवर टाकतो, लाइव्ह करतो. मुलाचे नाव, शाळेचा गणवेश, कुठून निघालो, किती वाजता परतणार, सगळे जगजाहीर. गुणगौरव सोहळ्यात तर मुलीचे नाव, शाळा, टक्के, वस्तीचे नाव आणि वडिलांचा नंबर एकाच बॅनरवर असतो. हे आम्हीच वर्षानुवर्षे केले आहे. या वर्षीपासून बॅनरवर नंबर द्यायचा नाही, एवढे ठरवले. फोटोचे अजून एकमत झालेले नाही. मुलांचे कौतुक व्हायला नको का, असे ज्येष्ठ म्हणतात आणि त्यांचेही खोटे नाही.

सरकारे काय करत आहेत? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली. त्यानंतर गोव्यातही तसा विचार सुरू असल्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी कंपन्यांनी पालकांची पडताळलेली संमती घ्यायची आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. कागदावर चांगले आहे. पण आपल्या घरात संमती देणार कोण? आईच्या फोनवर आलेला ओटीपी मुलगाच वाचून दाखवतो, आईचे यूपीआय त्यानेच चालू करून दिलेले असते. कायदा असे गृहीत धरतो की घरातल्या मोठ्याला फोन जास्त कळतो. खारघरच्या टॉवरमध्ये कदाचित तसे असेल. वस्तीत उलटे आहे. म्हणून बंदीवर आमचा फार भरवसा नाही. कंपन्यांना चाप बसावा, तो बसलाच पाहिजे. पण बंदी मोडून मूल आत गेले आणि तिथे फसले, तर ते आधीपेक्षा जास्त गप्प बसेल, कारण आता त्याने नियमही मोडलेला असेल.

मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. वर्षावासात ते वाचले गेले की आपण खोटे न बोलण्याच्या उपदेशापाशी थांबतो. भगवान बुद्ध राहुलाकडे येतात, भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवतात, ते ओतून टाकतात, भांडे पालथे करतात आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असे रिकामे असते, हे समजावतात. त्याच्या पुढचा भाग आमच्या विषयाला जास्त लागू पडतो. आरसा कशासाठी असतो, असे ते राहुलाला विचारतात. मग सांगतात की कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून पाहावे. केलेले कायेचे किंवा वाचेचे कर्म चुकले असे दिसले, तर ते आपल्या शास्त्याजवळ किंवा जाणत्या सहकाऱ्याजवळ उघड करावे आणि पुढे सावध राहावे. मुलाकडून चूक होणार, हे तिथे धरूनच चाललेले आहे. चूक झाल्यावर जायचे कुणाकडे, ते ठिकाणही सांगितले आहे. शिक्षेची धमकी नाही. हे सांगणारा बाप होता आणि ऐकणारा त्याचा मुलगा, हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष घडले तर काय करायचे, ते थोडक्यात. मुलाला पहिले वाक्य "तू सांगितलेस ते बरे केलेस." दुसरे काही बोलायचे असेल तर ते उद्या. चॅट डिलीट करू नका. रागाच्या भरात बहुतेक बाप हेच करतात आणि पुरावा जातो. स्क्रीनशॉट घ्या, समोरच्याचे युजरनेम लिहून ठेवा. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार नाव न सांगताही करता येते. मुलाला स्वतः बोलायचे असेल तर १०९८. १९९६ मध्ये मुंबईतूनच सुरू झालेली ही सेवा आता सरकारकडे आहे. फोटो बाहेर जाण्याची भीती असेल तर अमेरिकेतल्या एका संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि मोठ्या कंपन्या त्या ठशावरून फोटो अडवतात.

पोलिस ठाण्याची भीती हा मोठा अडसर आहे. बदलापूरला २०२४ च्या ऑगस्टमध्ये गुन्हा नोंदवून घ्यायलाच आई-बापांना किती तास ताटकळावे लागले, हे सगळ्या राज्याने पाहिले. त्यामुळे हक्क माहीत असलेला एक कार्यकर्ता सोबत असणे फार मोलाचे ठरते. पोक्सोच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसावा. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे बोट दाखवा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आणि सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने ठाण्याबाहेर सेल्फी काढून "न्याय मिळवून दिला" अशी पोस्ट टाकू नये. मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहे. आपल्या पोस्टमध्ये वस्तीचे नाव असले तरी चार गल्ल्यांना कळते.

शाळेकडेही जायला हवे. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी, असा शासन निर्णय २०२२ मध्येच निघाला आहे. आपल्या मुलांच्या शाळेत ती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे लेखी विचारता येते. जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली, मते मागायला सगळे वस्तीत आले होते. त्यांनाही पालिका शाळांबद्दल हेच विचारायला हरकत नाही.

आमच्या रविवारच्या वर्गात आम्ही एवढे सगळे सांगितले. प्रोफाइल खासगी केले, ब्लॉक करून दाखवले. शेवटी आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, सांगितले तर मोबाइल काढून घेणार नाही ना?" आम्ही म्हणालो, आम्ही घेणार नाही. तो म्हणाला, "तुम्ही नाही. घरचे." त्यांच्या वतीने शब्द देणे आम्हाला जमले नाही. म्हणून येत्या पौर्णिमेला पालकांना बोलावले आहे. वंदना नेहमी सात वाजता असते, या वेळी साडेनऊची ठेवली आहे, कारण सातला निम्मे बाप कुर्ला ते पनवेलच्या मध्ये कुठेतरी उभे असतात. मुलांनी सांगितल्यावर फोन काढून घेणार नाही, एवढे एकच वाक्य आम्ही त्यांच्याकडून मुलांसमोर मागणार आहोत. किती जण तयार होतील, ते त्या रात्री कळेल.